पाच स्टार नव्हे, मॉडेल नंबर: अर्व्हाइनमधल्या जुन्या घरासाठी रिबेटचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला १९८०च्या दशकातलं घर घेतलंय. वॉशर-ड्रायर, फ्रिज, दोन कमोड आणि गॅसचा वॉटर हीटर बदलायचाय. वीज आणि पाणी कंपन्या अशा खरेदीवर रिबेट देतात, म्हणजे किमतीतली काही रक्कम परत करतात, असं कळलंय. ते कसं मागायचं, किती मिळतं, आणि फाइव्ह स्टारची वस्तू घेतली की काम होतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण भारतातून आलेल्या बहुतेकांची गाडी तिथेच रुळावरून घसरते. भारतात २००६ पासून बीईईचं (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) लेबल आलं आणि एक ते पाच स्टार मोजायची सवय आपल्याला लागली. अमेरिकेतलं एनर्जी स्टार (१९९२ पासून) तसं नाही. तिथे एक-दोन-तीन काही नसतं. निळं चिन्ह आहे किंवा नाही, एवढंच. पाण्याच्या वस्तूंसाठी तसंच वॉटरसेन्स हे चिन्ह आहे, २००६ पासूनचं. दुकानातला विक्रेता 'फाइव्ह स्टार' म्हणाला, तर तो गिऱ्हाइकांनी दिलेल्या अभिप्रायांबद्दल बोलतोय. शिवाय चिन्ह असलं की रिबेट मिळतंच असंही नाही. रिबेटची यादी वेगळी असते, मॉडेल नंबरनुसार असते, आणि ती बरेचदा चिन्हाच्या अटीपेक्षा कडक असते.

आता पैसे देतो कोण? टेबलावर तीन बिलं काढून ठेवा. तुमच्याकडे वीज सदर्न कॅलिफोर्निया एडिसनच्या तारांवरून येते, गॅस सोकॅलगॅसचा आणि पाणी बहुधा अर्व्हाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्टचं. विजेच्या बिलावर ऑरेंज काउंटी पॉवर ऑथॉरिटी असंही नाव दिसेल. ती वीज विकत घेणारी संस्था. तारा, मीटर आणि बिल एडिसनचंच. एडिसनच्या योजनेच्या अर्जात एडिसनचा ग्राहक क्रमांक घालायचा. पाण्याच्या वस्तूंचे अर्ज वॉटर डिस्ट्रिक्टच्या कचेरीत थेट न जाता सोकॅल वॉटरस्मार्ट या सामाईक व्यवस्थेतून जातात. तिच्यामागे मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्टचे (स्थानिक संस्थांना घाऊक पाणी पुरवणाऱ्या संस्थेचे) पैसे असतात, आणि काही स्थानिक वॉटर डिस्ट्रिक्ट त्यावर आपली भर घालतात.

(बे एरिया, मॅसॅच्युसेट्स किंवा टेक्सासमधल्यांनी ही नावं उचलू नयेत. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह आहे, पण गावाची स्वतःची वीज कंपनी असेल तर ते लागू नाही. डॅलस-ह्यूस्टनकडे तुम्ही वीज ज्याच्याकडून 'घेता' तो रिबेट देत नाही. ते काम तारांच्या कंपनीचं, म्हणजे ऑन्कोर किंवा सेंटरपॉइंटचं. कुठेही असलात तरी एनर्जी स्टारच्या रिबेट शोधकात झिपकोड टाकून सुरुवात करा.)

हे पैसे कुणाच्या खिशातून येतात तेही बघून ठेवा. विजेच्या बिलात 'पब्लिक पर्पज प्रोग्रॅम्स' अशी बारीक ओळ असते. ती तुम्ही दर महिन्याला भरताच. त्यामुळे रिबेट मागताना संकोच नको. पण रिबेट आहे म्हणून नको असलेली वस्तू घेऊ नका.

एक नियम कळला की बाकीचं कोडं सुटतं: कायद्याने जे सक्तीचं आहे त्याला रिबेट मिळत नाही. कमोडचंच बघा. १९९४ पासून अमेरिकेत घरगुती कमोड एका फ्लशला १.६ गॅलनच्या वर विकता येत नाही. कॅलिफोर्नियात २०१४ पासून ती मर्यादा १.२८ आहे. म्हणजे तुमच्याकडच्या दुकानात उभा असलेला प्रत्येक कमोड वॉटरसेन्सच्या आकड्याइतका काटकसरी असतोच. मग १.२८ला पैसे कशाला देतील? म्हणून रिबेट 'प्रीमियम' गटाला असतं: १.१ गॅलन किंवा कमी, आणि मॅप चाचणीत किमान ६०० ग्रॅम. मॅप म्हणजे कमोड एका फ्लशमध्ये किती ग्रॅम घन पदार्थ वाहून नेतो त्याची चाचणी. कमी पाण्याचा कमोड आणि दोनदा फ्लश, ही तक्रार ज्यांनी मॅपचा आकडा बघितला नाही त्यांची असते. ६००च्या खाली घेऊ नका, रिबेट असो वा नसो. रक्कम छोटीच आहे, एका कमोडला साधारण ४० डॉलर. ती आणि तिच्या अटी बदलत राहतात. अर्ज करायच्या दिवशी यादीत जे दिसेल ते खरं.

पण खरी कमाई बिलात आहे. जुन्या घरातला कमोड ३.५ गॅलनचा असेल, घरात चार माणसं आणि दिवसाला माणशी पाच फ्लश धरा. १.२८चा बसवला तरी फ्लशमागे २.२२ गॅलन वाचतात, दिवसाला ४४, वर्षाला सुमारे १६,२०० गॅलन. लिटरमध्ये एकसष्ट हजार. पाण्याचं बिल सीसीएफमध्ये येतं आणि एक सीसीएफ म्हणजे शंभर घनफूट, ७४८ गॅलन, तेव्हा हे झाले साडेएकवीस सीसीएफच्या वर. अर्व्हाइनच्या वॉटर डिस्ट्रिक्टमध्ये घरानुसार पाण्याचा कोटा ठरतो आणि कोट्यावरचं पाणी चढ्या दराने लागतं. तुम्ही वरच्या टप्प्यात जात असाल तर वाचणारा प्रत्येक सीसीएफ महागातला असतो.

जुना कमोड किती गॅलनचा आहे हे कसं ओळखायचं? आधी सीटच्या बिजागऱ्यांच्या मधे, भांड्याच्या मागच्या काठावर बघा. नव्या कमोडवर तिथे '१.६ जीपीएफ' (एका फ्लशला इतके गॅलन) असं उमटवलेलं असतं. काही नसेल तर टाकीचं झाकण उलटं करा, किंवा टाकीच्या आत मागच्या भिंतीवर टॉर्च मारा. चिनीमातीत उत्पादनाची तारीख कोरलेली सापडते. तिचा फोटो काढा. कमोड काढायच्या *आधी*. जुना कमोड काय होता याचा पुरावा मागितला गेला, तर कचऱ्याच्या गाडीत गेलेल्या कमोडचा फोटो कुठून आणणार? आणखी एक: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१७ पासून १९९४ पूर्वीच्या एककुटुंबी घरात १.६ गॅलनपेक्षा जास्तीचे कमोड ठेवायला परवानगी नाही, आणि घर विकताना तसं काही असेल तर लेखी सांगावं लागतं. तुमच्या खरेदीच्या कागदांत विक्रेत्याने काय लिहिलंय ते वाचा.

बसवण्यातला घोळ नेहमी एकाच मापात होतो. मागच्या भिंतीपासून जमिनीवरच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर, रफ-इन. बहुतेक घरांत १२ इंच, पण १० आणि १४ही सापडतात. टेप भिंतीला टेकवायची, खालच्या लाकडी पट्टीला नव्हे. पट्टीपासून मोजलं की १२चे साडेअकरा होतात आणि माणूस १०चा कमोड घेऊन येतो. बसवल्यावर काही वर्षांनी आतला रबरी पडदा (फ्लॅपर) खराब होतो. दोन इंची आणि तीन इंची असे दोन प्रकार असतात. बदलताना त्याच मॉडेलचाच घाला, नाहीतर १.१ गॅलनचा कमोड गुपचूप दोन गॅलन ओततो. गळती तपासायची तर टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर पडदा गळतोय.

वॉशरकडे वळू. इथे दोन आकडे आहेत. पहिला विजेचा, आयएमईएफ. जितका मोठा तितका चांगला. दुसरा पाण्याचा, आयडब्ल्यूएफ, म्हणजे ड्रमच्या दर घनफुटामागे एका धुण्याला लागणारे गॅलन. जितका लहान तितका चांगला. एनर्जी स्टारच्या मोठ्या फ्रंट लोड मशीनला ३.२ किंवा कमी लागतो, टॉप लोडला मात्र ४.३ चालतो. गोम इथेच आहे. पाण्याचं रिबेट ३.२ मागतं. म्हणजे निळं चिन्ह असलेलं टॉप लोड मशीन घेऊन तुम्ही अर्ज केलात तर तो नाकारला जाईल, आणि चूक कुणाचीच नसेल. साडेचार घनफुटांच्या ड्रमचा हिशेब करा: ३.२ला साडेचौदा गॅलन, ४.३ला एकोणीस. जुनं मधल्या दांड्याचं मशीन चाळीसच्या आसपास पितं. रिबेटची पायाभूत रक्कम बराच काळ ८५ डॉलर आहे.

आता मॉडेल नंबर. सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश. मशीनचं दार उघडा. काठाच्या आतल्या बाजूला चांदीसारखा स्टिकर असतो, त्यावर मॉडेल आणि सीरियल असे दोन नंबर असतात. मॉडेलच्या शेवटी एक-दोन अक्षरं रंगाची असतात, डब्ल्यू म्हणजे पांढरा वगैरे. यादीत त्या अक्षरांच्या जागी तारका छापलेली असते. ते ठीक, तारकेच्या जागी कोणताही रंग चालतो. पण मधलं एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ते वेगळं मशीन. मोठ्या साखळी दुकानांसाठी कंपन्या थोडं वेगळं मॉडेल काढतात, आतून जवळजवळ तेच, नंबर निराळा, यादीत नाही. शिवाय पावतीवर दुकानाचा स्वतःचा वस्तू क्रमांक छापलेला असतो आणि लोक तोच अर्जात भरतात. म्हणून पैसे देण्याआधी: दुकानातल्या स्टिकरचा फोटो, यादीतल्या ओळीचा फोटो, दोन्ही शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. मग विक्रेत्याला सांगा की पावतीवर कंपनीचा पूर्ण मॉडेल नंबर यायला हवा.

मशीन आल्यावर साबण कमी घाला. एचई (कमी पाण्याच्या मशीनसाठीचा) लिहिलेला द्रव साबण, जास्तीत जास्त दोन टेबलस्पून. घरच्या सवयीने दोन मापं ओतलीत तर फेस मोजणारा सेन्सर स्वतःहून आणखी एकदा खळबळतो आणि वाचवलेलं पाणी तिथेच जातं.

ड्रायरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हीट पंपचा ड्रायर वीज बरीच कमी खातो, बाहेर नळी लागत नाही, पण कपडे वाळायला वेळ लागतो आणि जाळी दर फेरीला साफ करावीच लागते. घाई असणाऱ्या घरात तो शिव्या खातो. डिशवॉशरला रिबेट क्वचितच मिळतं. नियमाने लागणारी मशीनं आणि उत्तम मशीनं यांत आता फारसं अंतर उरलेलं नाही. एनर्जी स्टारचं मशीन एका फेरीला ३.२ गॅलन किंवा कमी घेतं, वाहत्या नळाखाली कढई घासण्यापेक्षा कितीतरी कमी.

फ्रिजला रिबेट शोधण्याआधी गराजमधला दुसरा फ्रिज बघा. आपल्याकडे तो असतोच: इडलीचं पीठ, आंब्याचा रस, कधीतरी लागणारी कोकाकोला. जुना मालक तो ठेवून गेला असेल आणि फुकट मिळाला म्हणून तुम्ही खूश असाल, तर वीस-तीस डॉलरचं प्लगला लावायचं मीटर आणा आणि चोवीस तास मोजा. दिवसाला ३ युनिट दाखवली तर वर्षाला १,१०० युनिटच्या जवळ जातंय. नव्या फ्रिजवरच्या पिवळ्या एनर्जीगाइड लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, थेट तुलना करा. जुना फ्रिज उचलून नेण्याबद्दल पैसे देणारी योजना सुरू असेल तर अट ठरलेली असते: फ्रिज चालू स्थितीत हवा, आकार बहुधा १० ते ३० घनफूट, आणि माणसं येतील तेव्हा प्लगला लावून थंड केलेला. आदल्या दिवशी साफसूफ करून प्लग काढून ठेवणारे लोक इथे चेक गमावतात. नवा फ्रिज आणणाऱ्या दुकानाच्या गाडीला जुना देऊन टाकलात तरी हे पैसे गेले.

सगळ्यांत मोठी रक्कम वॉटर हीटरवर असते आणि सगळ्यांत जास्त नुकसानही तिथेच होतं. कारण साधं आहे: वॉटर हीटर लोक फुटल्यावर बदलतात. गराजमध्ये पाणी साचलंय, घरात गरम पाणी नाही, पाहुणे आलेत. अशा वेळी अर्ज, मंजुरी, परवाना कोण बघत बसणार? प्लंबर दुपारपर्यंत जे मिळेल ते गॅसचं लावून जातो. गॅसची टाकी साधारण दहा-बारा वर्षं टिकते. तुमच्या टाकीवरचा सीरियल नंबर बघा, बहुतेक कंपन्या त्यातच उत्पादनाचं वर्ष गुंफतात. दहा वर्षं झाली असतील तर तयारी आत्ताच करा.

रिबेट मिळतं ते हीट पंप वॉटर हीटरला. हा उलटा चालणारा फ्रिजच आहे: आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून टाकीत सोडतो. कार्यक्षमतेचा आकडा यूईएफ. २४० व्होल्टच्या एनर्जी स्टार यंत्राला ३.३ किंवा वर लागतो, म्हणजे एका युनिट विजेत तीनपटीहून जास्त उष्णता. त्याला हवा लागते, उत्पादक बहुधा ७०० घनफुटांच्या आसपास मागतात. गराज असेल तर प्रश्न नाही. बंद कपाटात कोंबला तर थंड हवेतच फिरत राहतो आणि शेवटी आतला साधा हीटिंग कॉइल पेटवून वीज जाळतो. खाली थेंब थेंब पाणी निघतं, त्याला उतार असलेली नळी किंवा छोटा पंप लागतो. २४० व्होल्टची, बहुधा ३० अँपियरची वेगळी लाइन लागते, आणि तुमच्या काळातल्या घरात मुख्य पॅनेल १०० अँपियरचं असू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून आधी लोडचा हिशेब करून घ्या. नवी टाकी जुन्या गॅसच्या टाकीपेक्षा उंच असते, डोक्यावरचं शेल्फ मोजा. भूकंपाच्या पट्ट्या दोन, एक टाकीच्या वरच्या एक-तृतीयांश भागाला, एक खालच्या.

आकार एक पायरी मोठा घ्या. चौघांना गॅसची ४० गॅलनची पुरत असेल तरी हीट पंपची ६५ बघा, कारण तो पाणी सावकाश तापवतो. ५० घेतलीत तर तिसऱ्या आंघोळीला ओरड सुरू होते, मग कुणीतरी 'इलेक्ट्रिक' मोडवर टाकतं आणि तो तिथेच राहतो. सगळी बचत तिथे संपते. हायब्रिड किंवा हीट पंप मोडवर ठेवा, आणि एडिसनच्या वेळेनुसार दर बदलणाऱ्या योजनेत असाल तर दुपारी ४ ते रात्री ९ टाळून दुपारआधी पाणी तापवायचं वेळापत्रक लावा. (जाता जाता: कॅलिफोर्नियाचा शॉवर मिनिटाला १.८ गॅलन देतो. दहा मिनिटांत ६८ लिटर. आपली बादली वीस लिटरची. तिला रिबेट मात्र कुणी देत नाही.)

पैशांच्या वाटा इथे तीन. टेक क्लीन कॅलिफोर्निया या राज्याच्या योजनेचं प्रोत्साहन तुम्हाला थेट मिळत नाही. त्यांच्याकडे नोंदलेला कंत्राटदार ते मागतो आणि तुमच्या बिलातून वजा करतो. म्हणून कोटेशन घेतानाच विचारा: तुम्ही नोंदलेले आहात का, आणि निधी *राखून ठेवला* का? निधी संपतो आणि पुन्हा येतो. दुसरी वाट राज्यामार्फत येणारी केंद्राची उत्पन्नाधारित योजना. तिचा निधी शिल्लक असेल तर तिच्यात या हीटरला कमाल १,७५० डॉलर मिळतात, पण घराचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या दीडपटीच्या आत लागतं. दोघंही आयटीत असतील तर बहुधा बसत नाही. आणि काम मंजुरीनंतरच सुरू करायचं, मागाहून काही मिळत नाही. तिसरी वाट बंद झालीय: ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला नाही. जुने लेख आणि काही विक्रेते अजून ती मोजून दाखवतात. त्यांचा हिशेब दोन हजारांनी कमी करून वाचा. आणि शहराचा परवाना काढाच. शेवटची तपासणी झाल्याचा कागद नसेल तर मोठं रिबेट अडकतं.

कागदांचं आता बोलू. पावतीत दुकानाचं नाव, तारीख, मॉडेल, किंमत आणि पूर्ण पैसे भरल्याची नोंद हवी. ऑनलाइन ऑर्डर केल्यावर लगेच येणारी ईमेल पावती नसते, वस्तू पोचल्यावरचं बिल डाउनलोड करा. मुदत कधी खरेदीच्या तारखेपासून मोजतात, कधी बसवल्यापासून. वस्तू सहा आठवड्यांनी येणार असेल तर हा फरक महाग पडतो. दुकानाने किंमत आधीच रिबेट वजा करून लावली असेल तर पावतीवर 'इन्स्टंट' असं काहीतरी दिसतं. त्याच वस्तूवर त्याच कंपनीकडे पुन्हा मागता येत नाही. वीज आणि पाणी अशा दोन वेगळ्या योजना एकत्र चालतात का, हे मात्र अटींत बघावं लागतं.

नावांचा गोंधळ ही तर आपली खास अडचण. पाण्याचं खातं बायकोच्या नावावर, तेही माहेरच्या आडनावाने. पावती नवऱ्याच्या कार्डवर, मधे वडिलांचं नाव घालून. अर्ज मात्र ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याच नावाने जायला हवा आणि चेकही त्याच नावाने येतो. बँकेत ते नाव आणि स्पेलिंग चालेल ना, एवढं आधी बघा. नवीन घर असेल तर एस्क्रो (घरखरेदीचा व्यवहार) संपल्यावर खातं तुमच्या नावावर फिरलंय का हेही तपासा. जुन्या मालकाच्या क्रमांकावर केलेला अर्ज परत येतो.

कराचं एक वाक्य: वीज-गॅस कंपनीने ऊर्जा वाचवण्यासाठी दिलेलं रिबेट केंद्राच्या कायद्यात उत्पन्न धरत नाहीत. पाण्याला ती सूट तशी नाही. वॉशरच्या ८५ डॉलरसाठी कुणी फॉर्म पाठवत नाही, पण पुढे कधी लॉन काढून देशी झाडं लावायचं रिबेट घेतलंत तर रक्कम हजारांत जाते आणि १०९९ फॉर्म (ही रक्कम उत्पन्नात धरायची असा कागद) येऊ शकतो. हा फॉर्म पाठवायची मर्यादा आधी ६०० डॉलर होती, २०२६च्या देण्यांपासून २,००० आहे. आणि त्या लॉनला हात लावण्याआधी अर्ज मंजूर व्हायला हवा. कुदळ आधी पडली तर एक डॉलरही मिळत नाही.

अर्ज गेल्यावर सहा ते आठ आठवडे धरा. मधे एखादी ईमेल येते, 'सीरियल नंबरचा फोटो स्पष्ट नाही', आणि उत्तराला थोडेच दिवस असतात. ती बहुधा स्पॅममध्ये पडते, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे डोकवा. चेकऐवजी प्रीपेड कार्ड आलं तर त्यावर मुदत छापलेली असते. आलं त्याच आठवड्यात विजेच्या बिलाला वापरून टाका.